आखूड पलंग

काटकोन मिस्त्री आयुष्यभर खोटं बोलले ते लाकडात, तोंडाने कधी नाही. वयाच्या विशीपासून पंचावन्नापर्यंत त्यांनी नाटक कंपन्यांची घरं बांधली. पलीकडे काहीच नसलेली दारं, कुठेच न पोचणारे जिने, उघडल्यावर फक्त रंगवलेलं आभाळ दाखवणाऱ्या खिडक्या. पण त्या खोट्या घराचं दार कधी अडलं नाही. भर प्रवेशात नायिका दार ओढतेय आणि दार उघडत नाही, ही फजिती इतर कंपन्यांत महिन्यातून एकदा ठरलेली. ह्यांच्या सेटवर एकदाही झाली नाही. चौकटीच्या चारही कोपऱ्यांना लोखंडी गुण्या लावून काटकोन बघितल्याशिवाय हा माणूस खिळा ठोकत नसे. दौऱ्यावर बसमधून उतरलं की बाकीचे चहा शोधत, हे रंगमंचाच्या कोपऱ्यात गुण्या लावून उकिडवे बसलेले. त्यावरून एका विनोदी नटाने त्यांना काटकोन म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव असं चिकटलं की लग्नाच्या वेळी सासरचे लोक चौकशीला आले तेव्हा कंपनीत कुणालाच त्यांचं खरं नाव सांगता येईना.

अशा माणसाला बिल्डर शेठने एका सोमवारी सकाळी साइटवर बोलावणं धाडलं. चौदा महिन्यांनी.

चौदा महिन्यांत साइटवर बदललं काहीच नव्हतं, फक्त गंज वाढला होता. इमारत सहा मजल्यांवर येऊन थांबली होती. वरून लोखंडी सळया केस विस्कटल्यासारख्या बाहेर आलेल्या. क्रेन केव्हाच दुसरीकडे गेलेली, गवंडी आपापल्या गावी. रस्त्याकडेच्या मोठ्या फलकावर एक कुटुंब हसत होतं. उन्हाने त्यांचे चेहरे पार उडाले होते, दात तेवढे राहिले होते. मिस्त्रींनी त्या दातांकडे बघितलं आणि मग, सवयीने, वर. सहाव्या मजल्याच्या वर तीन मजले मोजले. तिथे, रिकाम्या हवेत, त्यांचं घर होतं.

ही थट्टा त्यांच्या बायकोची. सुरुवातीला दर रविवारी दोघं घर बघायला यायचे. काम थांबल्यावरही येत राहिले. एकदा एक कबुतर त्या उंचीवरून उडत गेलं तेव्हा बाई म्हणाली, "गेलं बघा आपल्या स्वयंपाकघरातून. पाय पुसून तरी आलं होतं का?" दोघं पोट धरून हसले होते. त्यानंतर मात्र ती आली नाही.

ते घर मिस्त्रींना मिळणार होतं कसं, तेही सांगायला हवं. नाटकांचे मोठे सेट बंद झाले, मागे नुसता काळा पडदा लावून नाटकं व्हायला लागली, तेव्हा मिस्त्री शेठकडे लागले. शेठ गोड माणूस. आवाज कधी चढवला नाही, नाही हा शब्द कधी उच्चारला नाही. त्याने मिस्त्रींना सांगितलं की अर्धी मजुरी हातात घ्या, अर्धी घरात टाका. नववा मजला, दोन नंबर, तुमचा. काम थांबेपर्यंत जवळजवळ पाच वर्षं मिस्त्रींनी शेठच्या इमारतींच्या चौकटी बसवल्या, दारं घासली, आणि प्रत्येक आठवड्याला अर्धी मजुरी त्या हवेतल्या घरात टाकत राहिले. त्याचा एक कागद होता. तो कागद बायकोने प्लास्टिकच्या पिशवीत घालून पिठाच्या डब्यात ठेवला होता, कारण त्या भाड्याच्या दोन खोल्यांत ओल नसलेली जागा तेवढीच.

आणि मिस्त्रींचं सर्वांत मोठं काम म्हणजे नमुना फ्लॅट. इमारत उभी राहायच्या आधी गिऱ्हाइकाला दाखवायचं घर. साइटच्या तोंडाशी पत्र्याच्या शेडमध्ये प्लायच्या भिंती उभ्या करून मिस्त्रींनी ते बांधलं होतं: दोन खोल्या, ओटा, खिडकी, खिडकीमागे रंगवलेली झाडं. शेठने तेव्हा कानात सांगितलं होतं की सामान जरा आखडत्या मापाने करा. पलंग साडेपाच फुटी. कपाट सव्वा फूट खोल, आत हँगर मावला नाही तरी चालेल. खुर्च्या अरुंद. दारं लावायचीच नाहीत, नुसत्या चौकटी ठेवायच्या, म्हणजे दार कुठे उघडतं हा प्रश्नच कुणाला पडत नाही. मिस्त्रींना त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. नाटकात हेच तर करायचे. मागचं टेबल लहान केलं की दिवाणखाना मोठा दिसतो, हे त्यांना तोंडपाठ होतं.

पण त्यांच्याकडून एक चूक झाली, आणि ती चूक त्यांच्यासारख्या माणसाकडूनच व्हावी. काम संपल्यावर त्यांनी बायकोला आणून ते घर दाखवलं. ती ओट्याशी उभी राहिली. हाताने ओटा पुसला, जणू तिने त्यावर आत्ताच काही सांडलं होतं. मग खिडकीशी गेली, पलंगाच्या कडेला बसली, आणि म्हणाली, "मोठं आहे हो." ती अशी बसलेली बघून मिस्त्रींचे डोळे भरून आले. त्याच संध्याकाळी त्यांनी शेठला होकार दिला. जन्मभर प्रत्येक कोपऱ्याला गुण्या लावणाऱ्या माणसाने स्वतःचं घर घेताना खोली मोजली नाही. पलंग आखूड आहे हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं, त्यांनीच तो कापला होता, आणि तरी त्यांना खोली मोठी दिसली.

तर सोमवारी शेठने त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला आणि बाजाराचं रडगाणं सुरू केलं. बाजार बसलाय. बँका दारात उभं करत नाहीत. गिऱ्हाईक येतं, ओट्याला हात लावतं, विचार करून सांगतो म्हणतं, आणि तो विचार काही संपत नाही. कारखान्यांत एकच पाळी चालू आहे, कोण कशाला नवं घर घेईल? पण शेठने मार्ग काढला होता. त्याने टेबलावर नवा नकाशा पसरला. प्रत्येक मजल्यावर चाराऐवजी पाच घरं. प्रत्येक खोली दोन्ही बाजूंनी एकेक फूट कमी. रविवारी मोठी जाहिरात येणार, लोक येणार, त्याआधी नमुना फ्लॅट नव्या नकाशाप्रमाणे करून हवा. वीस घरं गेली की क्रेन परत येणार.

"पलंग साडेपाचचा होता ना?" शेठ म्हणाला. "पाच-दोन करा. आणि समोरच्या भिंतीला पूर्ण आरसा लावा."

मिस्त्री नकाशावर वाकले. निजायची खोली नऊ बाय आठ. त्यांनी विचारलं, की आमचं नववा मजला, दोन नंबर, ते तर जुन्या नकाशाचं ना?

"सगळ्यांना एकच न्याय, मिस्त्री. तुम्ही तर घरचे." आणि मग तितक्याच गोड आवाजात, "हे काम झालं नाही तर मात्र वरचे मजले विसरायचे. तुम्हीही आणि मीही."

मिस्त्रींना राग आला की त्यांचे कान लाल होत. तोंडातून शब्द येत नसे. कंपनीत लोक म्हणायचे, काटकोनचे कान बघा आणि मग बोला. शेठने त्यांच्या कानांकडे बघितलं नाही. तो फोनवर दुसऱ्या कुणाला तरी घरचे म्हणत होता. सामानाचे पैसे मागाहून देतो, हे त्याने जाताजाता सांगितलं.

मिस्त्रींच्या घरात तिघंच, आणि तिघांचीही पोटं दुसऱ्यांच्या नव्या घरांवर. बाप दारं बसवणारा. आई पडदे शिवणारी. एके काळी तिने रंगमंचाचे मखमली पडदे शिवले होते, आणि नंतर शहरातल्या निम्म्या नव्या खिडक्यांना तिने शिवलेलं कापड होतं. आता नव्या खिडक्याच नव्हत्या. दीड वर्षापासून तिच्या मशीनवर जुन्या पँटी आखूड करायला येत. मुलगा लिफ्ट बसवणारा, सव्वासहा फूट उंच, म्हणून सगळी गल्ली त्याला टॉवर म्हणायची. भाड्याच्या खोलीत तो कर्णरेषेत झोपे आणि तरी पावलं उंबऱ्याबाहेर राहत. इमारती थांबल्या तशा लिफ्टही थांबल्या. कंपनीने त्याला सहा महिने अर्ध्या पगारावर ठेवलं, मग तोही थांबवला. आता तो दुचाकीवरून लोकांची पार्सलं पोचवी.

त्या संध्याकाळी टॉवर घरी आला तो पार्सलची पिशवी कोपऱ्यात भिरकावतच. मिस्त्री शेठचं बोलणं सांगत होते, त्याने ते ऐकून घेतलं, मग स्वतःचं सांगितलं. आज अकराव्या मजल्यावर एक खोकं द्यायचं होतं. वॉचमनने लिफ्टच्या दारावरची पाटी दाखवली: पार्सलवाल्यांनी जिना वापरावा. "लिफ्ट मी बसवलीय," टॉवर त्याला म्हणाला. वॉचमन म्हणाला, मग काय तुझा पुतळा बसवू का इथे? अकरा मजले चढून गेल्यावर बाईने खोकं घेतलं आणि विचारलं, एवढा घाम का आलाय, आजारी नाहीस ना?

आई हसली नाही. तिने मशीनवरून उठून पत्र्याची ट्रंक उघडली आणि आतून घडी घातलेले पडदे काढले. फिकट हिरवे, खाली बारीक नक्षी. नवव्या मजल्याच्या खिडक्यांचे. तिने ते सहा वर्षांपूर्वी, नमुना फ्लॅटची खिडकी वितीने मोजून शिवले होते. तिने विचारलं, नव्या नकाशात खिडकी केवढी? मिस्त्री म्हणाले, दीड वीत कमी. तिने घडी परत घातली.

टॉवरचं म्हणणं, शेठच्या तोंडावर कागद फेकून या. मिस्त्री म्हणाले, कागद फेकला की उरलं काय? मग बाई बोलली, आणि तिचा आवाज अगदी सपाट होता.

"तुम्ही आयुष्यभर खोटी घरं बांधलीत. आणखी एक बांधा. आणि मला खरं द्या. मला ओटा पाहिजे. चौतीस वर्षं मी जमिनीवर बसून चिरतेय."

मिस्त्रींनी समजावायचा प्रयत्न केला. नाटकाचं वेगळं असतं, ते म्हणाले. तिकीट काढून जो येतो त्याला ठाऊक असतं की त्या दारामागे घर नाही. त्याला तेच हवं असतं. तीन तास आपण मिळून खोटं खेळतो आणि पडदा पडला की तो आपल्या घरी जातो. इथे येणाऱ्याला ते ठाऊक नसतं, आणि त्याला जायला घरही नसतं.

"मग मला का नाही ठाऊक झालं?" बाई म्हणाली. "मला तर तुम्ही स्वतः हाताला धरून नेलं होतंत."

मिस्त्री उठले आणि बाहेरच्या पायरीवर जाऊन बसले. शेठवरचा राग सोपा होता, तो कानांत राही. हा राग खाली उतरला, छातीत, आणि तिथेच बसला. कितीजणांना आपण असं नेलं? नमुना फ्लॅटमध्ये तीन वर्षं लोक येत होते, मिस्त्रींनी कापलेल्या पलंगाच्या कडेला बसत होते, मोठं आहे हो म्हणत होते. ते सगळे आता कुठल्या कुठल्या भाड्याच्या खोल्यांत बसून भाडंही भरत होते आणि हप्तेही. त्यातली एखादीही तक्रार मिस्त्रींपर्यंत पोचली नव्हती. सुताराला कोण शिव्या देतं?

मंगळवारी सकाळी ते साइटवर गेले. पहिलं काम त्यांनी ते केलं जे सहा वर्षांपूर्वी करायला हवं होतं. प्लायच्या भिंती नव्या नकाशाप्रमाणे आत घेतल्या आणि निजायची खोली टेपने मोजली, कोपऱ्यांना गुण्या लावला. नऊ बाय आठ, चारही कोपरे काटकोनात. मग जमिनीवर खडूने एका माणसाचा पलंग नाही, दोघांचा पलंग आखला, साडेसहा बाय पाच. कपाट आखलं, दोन फूट खोल, हँगर मावेल असं. दार आखलं, अडीच फुटी, आत उघडणारं. आणि खडू हातात धरून बघत राहिले. उरलेल्या जागेत ते स्वतः उभे होते आणि त्यांना वळता येत नव्हतं.

सुपरवायझर रोज दुपारी चक्कर टाकी. त्याला त्यांनी जुना साडेपाच फुटी पलंग कापून ठेवलेला दाखवला, पाच-दोन. आरसा लावलेला दाखवला. सुपरवायझर खूश होऊन गेला. शेडच्या मागे, ताडपत्रीखाली, मिस्त्री दुसरंच काही करत होते. त्यांच्या घरी पलंगाखाली, वर्तमानपत्रांत गुंडाळून, जुन्या सागवानाच्या आठ फळ्या होत्या. एका जुन्या नाट्यगृहाचा रंगमंच मोडला तेव्हा त्यांनी त्या उचलून आणल्या होत्या. कितीतरी नटांची पावलं लागून गुळगुळीत झालेल्या. नवव्या मजल्यावरच्या पलंगासाठी ठेवल्या होत्या. मंगळवार ते शुक्रवार रोज दोन-दोन फळ्या टॉवरच्या दुचाकीला बांधून साइटवर आल्या. बायकोला त्यांनी सांगितलं नाही. तिने विचारलंही नाही. पलंगाखाली झाडताना तिला ते दिसलं असणार.

रविवारी सहा वाजता मिस्त्री साइटवर हजर. दोन अंकांच्या मध्ये पडदा पडतो तेव्हा दहा मिनिटांत एक घर उचलून दुसरं उभं करायचं असतं. तिसरी घंटा व्हायच्या आत कुठलाही खिळा वर राहिलेला चालत नाही. पासष्ट वर्षांच्या ह्या माणसाने टॉवरला हाताशी घेऊन एक तासात आखूड सामान शेडच्या मागे टाकलं, आरसा उतरवला, सागवानी पलंग जोडला, कपाट उभं केलं, आणि चौकटीत दार बसवलं. तीन बिजागऱ्या. दार लोण्यासारखं फिरलं आणि पलंगाच्या पायाला टक्कन लागून अर्ध्यात थांबलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं दार अडलं होतं. मिस्त्रींनी ते दोन-तीनदा उघडून बघितलं. त्यांना बरं वाटलं.

नऊ वाजता विक्रीवाली मुलगी आली. चोवीस-पंचवीसची असेल. चार महिन्यांत तिच्या हातून एकही घर विकलं गेलं नव्हतं, आणि पगार तिला विक्रीवरच. ती दारातून आडवी होऊन आत आली, पलंगाकडे बघितलं, कपाट उघडायला गेली, कपाट चार बोटं उघडलं.

"काका, हे मावत नाहीये."

"नाही मावत."

"शेठना माहितेय?"

"नाही."

तिने पर्समधून फोन काढला. टॉवर पुढे झाला, मिस्त्रींनी त्याला हातानेच थांबवलं. मुलगी फोनकडे बघत राहिली. मग म्हणाली, काल एका बाईंनी फोन केला होता, पाचव्या मजल्यावर घर घेतलेल्या. नवऱ्याची नोकरी गेलीय, हप्ता थांबवता येईल का विचारत होत्या. मी म्हटलं मॅडम नियम आहे. त्या म्हणाल्या, तुला मूल झालं तर त्याला डोक्यावर छप्पर मिळू नये. तिने फोन पर्समध्ये ठेवला. "आणि माझं काय, काका? हे झाल्यावर मी कुठे जाऊ?"

मुलगी बाहेर टेबलाशी जाऊन बसली, नोंदवही उघडली आणि केस नीट केले.

दहापासून लोक यायला लागले. शेठने जाहिरात दणदणीत दिली होती. एक शाळामास्तर आणि त्यांची बायको, एक नवं लग्न झालेलं जोडपं, एक म्हातारा आपल्या दोन मुलींना घेऊन, असे पंचवीस-तीस जण. बाहेरच्या खोलीत सगळे खूश होते. मग निजायच्या खोलीच्या दारात गर्दी तुंबली. पुढचे आत जाईनात, मागचे ढकलायला लागले. शेठ तेवढ्यात गाडीतून उतरला आणि या, या, घर आपलंच आहे, करत गर्दीतून वाट काढत दारापर्यंत आला. दार ढकललं. टक्क.

तो आडवा होऊन आत शिरला. त्याने पलंग बघितला, कपाट बघितलं, कोपऱ्यात उभे असलेले मिस्त्री बघितले. लोकांकडे वळून हसला. आवाज तसाच गोड.

"आमचे मिस्त्री जुने आहेत. माप चुकलं त्यांचं. पलंग मोठा झालाय."

मिस्त्रींचे कान लाल झाले होते. पण आज तोंडातून शब्द आला. ते काही शेठशी बोलले नाहीत. त्यांनी मुलाला हाक मारली.

"टॉवर, निज जरा."

टॉवर पार्सलवाल्याच्या कपड्यांत होता. बारापासून त्याची पाळी होती. त्याने बूट काढले आणि पलंगावर उताणा झाला. डोकं उशाशी, टाचा पायथ्याच्या आत चार बोटं. मिस्त्रींनी त्याच्या टाचेखाली हात घालून लोकांना दाखवला, नट दाखवतो तसा, शेवटच्या रांगेतल्याला दिसेल असा.

"पलंग माणसाच्या मापाचा आहे," ते म्हणाले. "माझं माप एकदाच चुकलंय, सहा वर्षांपूर्वी. तेव्हा इथे साडेपाच फुटी पलंग होता, आणि मीच केला होता."

कुणीतरी हसलं. मग हसू विरलं. शाळामास्तर आयुष्यभर पोरांना गणित शिकवून आलेला माणूस असावा, त्याने शांतपणे विचारलं, "पलंग बरोबर आहे, कपाट बरोबर आहे, दार बरोबर आहे. मग चुकलंय काय?"

मिस्त्रींनी खिशातून टेप काढला आणि त्याच्या हातात दिला. मास्तरांनी एक टोक बायकोला धरायला दिलं. त्यांच्या हातून तो जोडप्याकडे गेला, मग म्हाताऱ्याच्या थोरल्या मुलीकडे. तिने खिडकी मोजली, ओटा मोजला, आणि नाक मुरडून बाहेरची खोलीही मोजायला घेतली. टेपची पात परत आत जाताना होणारा सर्र असा आवाज पुन्हापुन्हा येत होता, आणि शेवटी टेप फिरून मास्तरांच्याच हातात आला. पाऊण तासात शेड रिकामी झाली. एकही नाव नोंदवहीत लागलं नाही. विक्रीवाल्या मुलीने वही बंद केली, पेन खोचलं आणि ती कुणाकडेही न बघता बसथांब्याकडे चालती झाली.

शेठने एकदाही आवाज चढवला नाही. तो एवढंच म्हणाला, की नववा मजला आता विसरा.

"दाखवा ना कुठे आहे," मिस्त्री म्हणाले. "दाखवा, म्हणजे विसरतो."

मग त्यांनी पलंगाचे स्क्रू सोडायला घेतले. सुपरवायझर आडवा आला, सामान साइटचं आहे म्हणाला. टॉवर बूट घालत होता तो उभा राहिला, सव्वासहा फूट, आणि म्हणाला, लाकूड आमच्या पलंगाखालचं आहे, पावती हवी असेल तर रंगमंचावर नाचून गेलेल्यांना विचारा. शेठने हात हलवून जाऊ द्या म्हटलं. त्याला आता पलंगाचं काय?

पलंग हातगाडीवरून घरी आला. बायको दारात उभी होती. सगळं तिच्यापर्यंत आधीच पोचलं होतं, गल्लीत असल्या बातमीला पाय लागत नाहीत. बाप-लेकांनी पलंग जोडला आणि आत घ्यायला गेले. उभा करून बघितला, आडवा करून बघितला, तिरका करून. चौकटीतून तो जाईना. सुटा करून आत नेला असता, पण आत जोडायला जागा नव्हती. तसं केलं तर मशीन बाहेर काढावी लागली असती. शेवटी पलंग बाहेरच राहिला, सामायिक व्हरांड्यात, सगळ्यांच्या वाटेत. शेजारी पाय उचलून जात होते आणि प्रत्येकजण काही ना काही बोलून जात होता. एकाने विचारलं, घर इकडे आणलंत का थोडंथोडं करून?

दोन दिवस बाई नवऱ्याशी बोलली नाही. ताट समोर सरकवायची ते आवाज करून. तिसऱ्या दिवशी सकाळी तिने पिठाचा डबा उघडला, प्लास्टिकची पिशवी काढली, कागदावरचं पीठ झटकलं. मग बाहेर येऊन पलंगावर बसली. तळहाताने सागवान पुसलं, जसा सहा वर्षांपूर्वी ओटा पुसला होता. पाचव्या मजल्यावरची ती बाई, ती म्हणाली, तिचा पत्ता त्या पोरीकडून काढा. आणि बाकीच्यांचे. सहा मजल्यांवर जेवढ्यांनी भरलेत तेवढ्या सगळ्यांचे.

"कशाला?" मिस्त्रींनी विचारलं.

"सगळ्यांना घेऊन त्याच्या ऑफिसात जाऊन बसायचं. रोज. मी पुढे असणार." तिने कागद परत पिशवीत घातला आणि पिशवी उशाला ठेवली. "ओटा मला पाहिजेच आहे. तुम्हाला माफ केलंय असं समजू नका. टेप कुठे ठेवलात?"

टेप मास्तरांकडेच राहिला होता. मिस्त्रींनी तसं सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, मग पहिल्यांदा मास्तरांकडे जाऊ.